प्रेमाला अट कसली?

समोरचा कधीच चर्चमध्ये येणार नसेल तर त्याच्यावर किती काळ प्रेम करायचं, असं एकाने विचारलंय. मला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स आठवतात. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहॅम आणि फिलिप, टिमोथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने जिवंत जाळली. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली, हे बहुतेकांना माहीत असतं. मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. मुलीला घेऊन मायदेशी निघून जाणं सोपं होतं, कोणी नावं ठेवली नसती. त्या २००४ पर्यंत ओडिशातल्या बारीपदातच राहिल्या, कुष्ठरोग्यांची सेवा करत. आणि आपल्या चर्चच्या मंडळीत मदतीच्या यादीत बाहेरच्यांची नावं शेवटी का येतात? येत्या सभेत मी हे विचारणार आहे.