चार वर्षांची लेक पेन्सिल बघूनच रडते

चिऊची आई (दांडिया बाजार, वडोदरा): लेक ज्युनिअर केजीत. रोज एबीसीडीचं पानभर लेखन येतं. काल रडत रडत पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. शिवाय बाई म्हणतात, घरीही इंग्रजीच बोला. मग आजीशी बोलायचं कुणी?

निवृत्त बालवाडीताई: लिहिणं महिनाभर बंदच ठेवा हो. या वयात मनगटाची हाडं पुरती तयार झालेली नसतात. मटार सोलू द्या, कणकेचा गोळा मळू द्या, परातीत रवा पसरून त्यात बोटानं गिरवू द्या. बोटांत जोर आला की पेन्सिल नीट धरेल. तुमच्या गुजरातेतच बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला खेळता खेळता शिकायचं बालमंदिर काढलं, आपल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक पुढे तिथेच त्यांच्यासोबत होत्या. शंभर वर्षांनंतरही आपण चार वर्षांच्या पोराकडून पानं भरून घेतो, जीव तुटतो.

मांजलपूरचे बाबा: मराठी सोडू नका. २०२०चं शैक्षणिक धोरणही शक्यतो पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणतं. आमचा आधी एकाच वाक्यात तिन्ही भाषा कालवायचा, आता आजीशी मराठी, मित्रांशी गुजराती.

चिऊची आई: आज कणीक दिली. तीन चानक्या लाटल्या, "ही आजीची, ही माझी, ही काऊची." सोमवारी बाईंना भेटते.