सायलेन्सर मोकळा केला की टर्बो डिझेल खरंच पळते का?

घाटकर
गाडी 2021 ची, बीएस6, दीड लिटर डिझेल. हल्ली कसारा घाटात नुसती दम टाकतेय. फिटर म्हणतो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) कापा, सरळ पाइप लावतो, इंजिन मोकळं होईल. मला पटतंय. तुमचं काय?

किकस्टार्ट
मुळीच नको. थोडं बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या धुराला अडवणारा दाब) लागतंच, नाहीतर खालचा टॉर्क जातो. माझ्या बाइकला मोकळा पाइप लावला आणि पिकअपच गेला.

तेलकट हात
भाऊ, बाइकचं गणित इथे नको. तिथे पाइपच्या लांबीचा आणि दाबाच्या लाटांचा खेळ असतो. टर्बाइन, म्हणजे टर्बोचं धुराच्या जोरावर फिरणारं चाक, फिरतं ते त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबाच्या गुणोत्तरावर. समजा अलीकडे 2 बार, पलीकडे 1. फिल्टर तुंबून पलीकडे 1.2 झाला, तर तेच गुणोत्तर राखायला अलीकडे 2.4 हवेत. म्हणजे अडथळा 0.2 चा, पण पिस्टनला ढकलावा लागतो 0.4 जास्त. बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) उशिरा येतो, डिझेल जास्त जातं, धूर तापतो. ट्रकचा एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे हाच अडथळा, मुद्दाम घातलेला!

घाटकर
मग कापूच ना?

तेलकट हात
असं कुठे म्हणालो? तुंबलेला फिल्टर वेगळा, धड फिल्टर वेगळा. रोजचं रनिंग किती?

घाटकर
घर ते दुकान, 4 किमी. घाट महिन्यातून एकदा.

तेलकट हात
सापडलं दुखणं. काजळी जळायला साधारण 600 अंश लागतात. 4 किमीत इंजिन धड तापत नाही, फिल्टर काय साफ होणार! आधी स्कॅनर लावून फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक बघा. जास्त असेल तर वर्कशॉपमध्ये फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे फिल्टर मुद्दाम तापवून काजळी जाळणं, करून घ्या.

पाचवा गिअर
पुस्तकी बोलणं पुरे. मी कापला, गाडी उडते.

तेलकट हात
कापल्यावर रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) केलात की नाही?

पाचवा गिअर
केला. नाहीतर चेक लाइट लागतो.

तेलकट हात
मग उडतेय ती बरीचशी रिमॅपवर. त्यात बूस्ट आणि डिझेल दोन्ही वाढवून देतात, श्रेय मात्र पाइपला. शिवाय हे कायद्यात बसत नाही, आणि मागचा बाइकवाला तुमची काजळी खातो ते वेगळंच.

पाचवा गिअर
नव्या फिल्टरचे पैसे तुम्ही भरता का? मग बोला.

घाटकर
भांडू नका. उद्या स्कॅनरवाल्याकडे जातो.

किकस्टार्ट
तरी माझ्या बाइकचा पिकअप गेला होता, हे खरंय.