लांबच जायला हवं का?

डोकं ताजंतवानं करायचं तर मोठी सुट्टी काढून लांब जायलाच हवं, हे मत मला पटत नाही. थकलेलं अवधान कसं सावरतं, यावर स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने बरंच काम केलंय. त्यांच्या मांडणीत अंतराला फारसं महत्त्व नाही. नेहमीच्या विचारांतून सुटका हवी आणि मन अलगद गुंतेल असं काही समोर हवं. वाऱ्याने हलणारी पानं, जमिनीवर सरकणारी सावली. बघायला जोर लावावाच लागत नाही.

रॉजर उलरिक यांच्या १९८४ च्या अभ्यासात खिडकीतून झाडं दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. नुसत्या खिडकीने!

माझी जागा म्हणजे झाडाखालचा बाक. फोन मात्र नेत नाही, कामाचा एक मेसेज आला की तिथेही ऑफिस भरतं.