आकडे दिसतायत पण बेरीज शून्य! अडल्यावर तुम्ही सुरुवात कुठून करता?

गोंधळी_पेन्सिल
एक्सेल शिकतेय, व्हिडिओ बघून बघून. व्हिडिओत सगळं एका फटक्यात होतं आणि आपण करायला घेतलं की भलतंच. आता वेबपेजवरून कॉपी केलेला एक तक्ता आहे, त्यात रकमांचा कॉलम, आणि सम (बेरजेचा फॉर्म्युला) लावलं की उत्तर 0. एरर नाही काही नाही, नुसतं शून्य. सेलचा फॉरमॅट नंबर करून झाला, फाइल बंद करून उघडली, नवीन शीटवर टाकली, ढिम्म! फॉर्म्युले पाठ आहेत हो, पण ते चालत नसतील तर काय करायचं हे कोणी शिकवतच नाही. तुम्ही लोक काय करता अशा वेळी?

रात्रपाळी
अख्खी शीट बाजूला ठेवा, एकच सेल घ्या. शेजारी इजनंबर लावून बघा, आत खरंच आकडा आहे का ते सांगतं. फॉल्स आलं तर तो आकडा नाहीच, आकड्यासारखा दिसणारा मजकूर आहे आणि सम असा मजकूर गुपचूप वगळतं, म्हणून एरर न देता 0. फॉरमॅट बदलून आत साठवलेलं बदलत नाही. मग लेन लावा, ते अक्षरं मोजतं. 1250 ला 4 यायला हवेत, 5 आले तर काहीतरी चिकटलंय.

गोंधळी_पेन्सिल
5 च आले!! पण जादा स्पेस काढणारं ट्रिम केलं तरी 5 🙄

रात्रपाळी
मग नॉन-ब्रेकिंग स्पेस असणार, दिसायला साध्या स्पेससारखीच पण वेगळं अक्षर, कोड 160 (प्रत्येक अक्षराचा असा एक नंबर असतो). वेबपेजवरून हमखास येते. ट्रिमला फक्त साधी स्पेस कळते, कोड 32 वाली. सब्स्टिट्यूटमध्ये (एका अक्षराच्या जागी दुसरं टाकणारं) युनिकॅर(160), म्हणजे 160 कोडचं अक्षर, देऊन त्या जागी रिकामं टाका आणि सगळ्याला बाहेरून व्हॅल्यू लावा, ते मजकुराचा आकडा करतं.

खुर्चीतला_पर्यटक
व्हिडिओवाल्यांची शीट आधीच धुऊनपुसून ठेवलेली असते, त्यामुळे खरी मारामारी दिसतच नाही. माझं मत, एखादा फॉर्म्युला चालला की तो मुद्दाम मोडून बघायचा, मजकूर घाल, स्पेस घाल, काय होतं बघ. दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळतं.
आणि घाईघाईत सगळेच कॉलम नंबर करू नका बरं. एक्सेल 15 च अंक धरून ठेवतं, 16 अंकी खाते नंबर असेल तर शेवटचा अंक 0 होऊन बसतो आणि नंतर परत मिळत नाही. सुरुवातीची शून्यंही जातात. ज्याची बेरीज करायची नाही तो कॉलम टेक्स्टच राहू दे. अतिशहाणपणाही करतं ते, मार्च1, सेप्ट2 अशी जनुकांची नावं होती, त्याच्या तारखा व्हायच्या, शेवटी 2020 मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलल्याचं जाहीर केलं. सॉफ्टवेअर सुधारेना म्हणून विज्ञानाने माघार घेतली 😄

गोंधळी_पेन्सिल
झालं झालं, बेरीज आली! फक्त दोन सेल अजून हट्टाला पेटलेत, तिथे व्हॅल्यूची एरर येतेय. लेन बरोबर 4 दाखवतंय, स्पेसबिस काही नाही.

रात्रपाळी
एकेक अक्षर मिडने सुटं करून युनिकोड फंक्शन लावा, ते अक्षराचा कोड सांगतं. शून्याला 48 यायला हवेत.

गोंधळी_पेन्सिल
शेवटच्याला 79 येतंय??

रात्रपाळी
ते शून्य नाहीये, इंग्रजी कॅपिटल ओ आहे. कोणीतरी हाताने टाइप केलंय. फाइंड-रिप्लेस करा, पण फक्त त्याच कॉलमवर, नाहीतर नावांमधले सगळे ओ उडतील.