मदत हवी आहे – रीइन्शुरन्स मॅनेजरचं काम नक्की कसं असतं?

मी मुंबईत एका जनरल इन्शुरन्स कंपनीत फायर अंडररायटिंगला (आगीच्या विम्याची रिस्क तपासून घ्यायचं काम) आहे, आता साहेब म्हणतायत रीइन्शुरन्समध्ये (म्हणजे विमा कंपनीने आपल्या रिस्कचा काही भाग दुसऱ्या कंपनीकडे देणं) मॅनेजर म्हणून ये. कोटा शेअर, सरप्लस, एक्सेस ऑफ लॉस हे रीइन्शुरन्सचे प्रकार परीक्षेपुरते माहितीयत, सरकारी रीइन्शुरन्स कंपनी जीआयसी रीला प्रत्येक पॉलिसीतले ४ टक्के ऑब्लिगेटरी (सक्तीने) द्यावे लागतात तेही ठाऊक, पण रोजचं काम काय? ट्रीटीच्या (आधीच ठरलेल्या रीइन्शुरन्स कराराच्या) बाहेरची मोठी रिस्क आली की फॅकल्टेटिव्हसाठी (त्या एकाच रिस्कच्या वेगळ्या रीइन्शुरन्ससाठी) ब्रोकरच्या मागे आपणच धावायचं का, आणि १ एप्रिलच्या ट्रीटी रिन्यूअलआधी फेब्रुवारी-मार्च घरी तोंड दाखवता येतं का हो? हिशोब, बॉर्डरो (रीइन्शुररला पाठवायची रिस्क-क्लेमची यादी), क्लेम रिकव्हरी (त्यांच्याकडून क्लेमचा वाटा वसूल करणं) यातच अडकून पडायची भीती वाटते, खरं तर मला रीइन्शुरन्सचा प्रोग्राम डिझाइन करण्यात आणि रिटेन्शन (किती रिस्क स्वतःकडे ठेवायची ते) ठरवण्यातच इंटरेस्ट आहे. कुणी या डिपार्टमेंटला असाल तर प्लीज सांगा, आधी काय शिकू?