मदत करण्याआधी विचारलेले बरे

मन चांगले असले की पुरे, मदत कशी करावी हे कुणी शिकवावे लागत नाही, असे अनेकदा म्हटले जाते; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. अंध व्यक्तीला रस्ता ओलांडायला मदत करताना बरेच जण तिचा दंड किंवा थेट पांढरी काठीच धरून तिला ओढत नेतात; हेतू निर्मळ असतो, पण पुढची वाट चाचपण्याचे तिचे साधनच त्यामुळे निकामी होते. खरे तर आधी विचारून आपला हात पुढे करायचा असतो. तिने तो कोपराच्या किंचित वर धरून अर्धे पाऊल मागे चालायचे, म्हणजे पायरी आली की आपल्या हालचालीवरूनच तिला ती कळते. हे मला एका अंध सहकाऱ्याने सांगितले. खोलीतून जाताना 'मी निघतो' असे तोंडाने म्हणत जा, नाहीतर आम्ही रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो, हेही त्यानेच हसत हसत सुनावले.

आपल्याहून वेगळ्या लोकांत मिसळले की पूर्वग्रह आपोआप गळतात, या समजुतीलाही एक पुस्ती जोडावीशी वाटते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली अशा संपर्कासाठी समान दर्जा, समाईक उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचे किंवा कायद्याचे पाठबळ या अटी मांडल्या होत्या. त्यांतली पहिली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मी आणि तो अंध सहकारी एकाच हुद्द्यावर होतो, म्हणून तो इतक्या मोकळेपणाने बोलू शकला. केवळ मदत घेण्यापुरती ओळख असती, तर बहुधा आभार मानून तो गप्प राहिला असता.