‘दशावतार’ मध्यंतरापर्यंतच बघावा का?

शेवटची_रांग:
सप्टेंबर २०२५ मध्ये आठवड्याच्या अंतराने दोन मराठी सिनेमे लागले होते. १२ तारखेला सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’, १९ ला रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’. दोन्ही थेटरात पाहिले होते. परवा ‘दशावतार’ आईबरोबर घरी पुन्हा पाहिला आणि तेव्हा जे खटकलं होतं ते या वेळी दुप्पट खटकलं. म्हणून हा धागा. कथा थोडी फुटेल, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथूनच परत फिरा.

पहिला भाग मला प्रचंड आवडला. बाबुली मेस्त्री हा कोकणातल्या दशावतारी लोकनाट्यातला म्हातारा नट, डोळे अधू होत चाललेत, पण तोंडाला रंग लावायचं सुटत नाही. पोरगा म्हणतो आता बस करा. बापाला पटतं, पण वळत नाही. दिलीप प्रभावळकर ८१ व्या वर्षी हे करतायत हे मी बघताना विसरलो, यातच सगळं आलं. बाप-लेकाचं ते एकमेकांवर खेकसत माया करणं इतकं घरचं आहे की आईने मध्येच माझ्याकडे वळून बघितलं. (का, ते विचारू नका.)

आणि मग मध्यंतर. खाण, पुढारी, सूड. एकेका दुष्टाला गाठून एकेका अवतारात संपवायचं. थेट दाक्षिणात्य मसाला. ज्या म्हाताऱ्याला धड दिसत नाही म्हणून तासभर जीव टांगणीला लावलात, तोच जंगलात सराईतासारखा वावरतो. पार्श्वसंगीत तर असं, की आपल्याला कळणार नाही म्हणून कुणी कानाशी ढोल बडवतंय.

‘साबर बोंडं’ याच्या बरोबर उलट. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद गावी येतो, दहा दिवसांचं सुतक, लग्नाचं विचारून भंडावणारे नातेवाईक, आणि लहानपणचा मित्र बाळ्या. दोन पुरुषांचं प्रेम आहे, पण कुठे आरडाओरडा नाही, भाषण नाही. आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे आणि ती ते ज्या साधेपणाने सांभाळते, त्याला तोड नाही. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मी पाहिला तेव्हा थेटरात मोजून अकरा माणसं होती.

माझं म्हणणं एवढंच: ‘दशावतार’च्या दिग्दर्शकाचा स्वतःच्या पहिल्या भागावर विश्वास असता, तर मराठीत एक मोठा सिनेमा झाला असता.

पॉपकॉर्न_खारं:
आला परत शहाणा प्रेक्षक! अहो, ‘दशावतार’ला आमच्याकडे सासूबाई, शेजारच्या काकू, त्यांचे गुडघे दुखणारे यजमान, सगळे आले. कित्येक वर्षांनी मराठी सिनेमाला तिकीट नाही म्हणून परत फिरले लोक. तुमच्या अकरा माणसांवर मराठी सिनेमा चालत नाही. दुसऱ्या भागात शिट्ट्या पडल्या त्या काय अडाण्यांनी मारल्या?

आणि ‘साबर बोंडं’. माफ करा, पण काही ठिकाणी मला वाटलं की कॅमेरा तिपाईवर ठेवून मंडळी जेवायला गेली. माझ्या मागच्या गृहस्थांना घरून फोन आला, ते हळूच म्हणाले, ‘‘येतो गं, पण हा संपतच नाहीये.’’ आमच्या रांगेला तेवढीच करमणूक.

शेवटची_रांग:
शिट्ट्यांना माझा विरोध नाही, मीही मारतो. पण ज्यावर शिट्टी पडते ते चांगलंच, हे मला मान्य नाही.

कुडाळकर:
रांगवाल्या, एक विचारू? रातभर जागान नाटक बघलंस काय कधी?

आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर म्हणाल भांडायला आला. दशावतारी नाटक काय असतं ते आधी समजून घ्या. देवळासमोर मांडव, एक बाकडं, मागे पडदा, बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज. नट आपापल्या पेटाऱ्याशी बसून हातात आरसा धरून स्वतःच रंग लावतो. लिहिलेली संहिता नाही. कथानक आधी ठरतं, संवाद रंगात उभं राहून सुचतील तसे. सुरुवातीला आडदशावतार: गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, आणि मग वेद पळवणारा संकासुर. त्याला विष्णू मारतो. पुढे मुख्य आख्यान, त्यातही शेवटी असुराचा वध. पहाटे दहीकाला.

म्हणजे सांगायचं काय, तर वध हा आमच्या नाटकाचा कणा आहे. देव येतो, गर्जना करतो, राक्षस पडतो, शिट्ट्या पडतात. शेकडो वर्षं. तुम्ही ज्याला दाक्षिणात्य मसाला म्हणून नाक मुरडताय, तो आमचा जुनाच प्रकार आहे. पहिला भाग बाबुलीचं घर आहे, दुसरा भाग त्याचं नाटक. ढोल कानाशी वाजतो म्हणे! जत्रेत पखवाजाच्या शेजारी बसून बघ.

आणि खाण म्हणजे पटकथेतली सोय नव्हे. दोडामार्ग तालुक्यातलं कळणे माहीत आहे? लोहखनिजाच्या खाणीविरुद्ध तिथली माणसं कित्येक वर्षं झगडली. जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचं पाणी घरांत-बागांत शिरलं. आमच्याकडच्या प्रेक्षकाला तो पडद्यावरचा राग उसना वाटला नाही.

मधली_सुट्टी:
कुडाळकर, मुद्दा मस्त. पण मग कन्नड ‘कांतारा’ २०२२ मध्ये आलाच नसता तर हा सिनेमा असाच झाला असता का? जंगल, देवस्थान, जमिनीवर डोळा असलेले लोक, शेवटी अंगात आल्यासारखा संहार. साचा तर तोच दिसतो.

कुडाळकर:
सह्याद्री खाली उतरला की दोन्हीकडे देवराया आहेत, दोन्हीकडे रात्री जागवणारी नाटकं आहेत. तिथे यक्षगान, इथे दशावतार. शेजाऱ्याच्या घरी फणस शिजला म्हणून आमच्या घरचा फणस चोरीचा ठरत नाही.

शेवटची_रांग:
कुडाळकर, कबूल करतो, पूर्ण रात्र जागून एकदाही पाहिलेलं नाही. पुण्यात एका महोत्सवात दीड तासाचा आटोपशीर प्रयोग पाहिला, आणि घर-नाटक हा तुमचा मुद्दा त्या वेळी माझ्या डोक्यातच आला नव्हता. त्या दृष्टीने दुसरा भाग आठवून बघितला. थोडा पटतो. प्रभावळकर म्हणजे ‘हसवाफसवी’ नाटकात एकट्याने सहा माणसं उभी करणारा नट. त्याला रूपं पालटायला देणं यात गंमत आहेच.

पण तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटवतो. त्या प्रयोगात मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो संकासुर. काळा पोशाख, तोंडातून लोंबणारी लाल जीभ, आणि मालवणीत एकाहून एक टोले. देव बिचारे गंभीर, हा मात्र प्रेक्षकांना खिशात घालून बसलेला. पुढच्या आख्यानातही राक्षसाने असा काही वाद घातला की देवाचं काम करणारा नट क्षणभर अडखळला, हे उघड दिसलं. म्हणजे दशावतारात असुराला बोलायला मिळतं. तो हरतो, पण आधी बरोबरीने भांडतो. सिनेमातल्या दुष्टांना काय मिळालं? डोळे वटारा, दारू प्या, मरा. एकाने तरी बाबुलीला चार वाक्यांत कोंडीत पकडलं असतं, खाणीमुळे पोरांना काम मिळेल हे खरं आहे की खोटं यावर गावातच दोन तट दाखवले असते, तर मी तुमच्याबरोबर शिट्ट्या मारल्या असत्या. नाटकाचा वध घेतला, वाद मात्र पेटाऱ्यातच राहिला.

पॉपकॉर्न_खारं:
अडीच तासांत वाद पण, वध पण, बाप-लेक पण. तिकीट किती ठेवायचं मग?

माहेरवाशीण_साताऱ्याची:
तुमचं कोकण चालू द्या. मला ‘साबर बोंडं’बद्दल बोलायचंय, कारण खारं यांनी जेवायला गेलेल्या कॅमेऱ्याचा विनोद केला, आणि मला हसू येऊनही राग आला.

माझे वडील गेले तेव्हा मी दहा दिवस गावी होते. त्या दिवसांत काहीच घडत नाही हो. तेच अंगण, तीच सतरंजी, भिंतीला टेकून बसलेली आई. कुणीतरी येतं, रडतं, चहा होतो, मग विषय ऊस, मग माझा पगार, मग ‘हिचं अजून जमलं नाही का’. वडिलांचा फोटो तिथेच आणि लोक माझ्यासाठी स्थळं काढतायत. मला ओरडायचं होतं, पण सुतकात ओरडतही नाहीत. तो सिनेमा बघताना कॅमेरा हलला नाही, कारण त्या दिवसांत कुणीच हलत नाही. दिग्दर्शकाने हे स्वतःच्या वडिलांच्या दहाव्यापर्यंतच्या अनुभवातून उभं केलंय असं नंतर वाचलं, तेव्हा नवल वाटलं नाही.

आणि ते नावातलं फळ, साबर बोंड. निवडुंगाचं लालभडक बोंड, वर बारीक कुसळं. लहानपणी आम्ही घाईने तोंडात घालायचो आणि मग आजी दिव्याजवळ बसवून जिभेवरची कुसळं काढायची. बाळ्या ते आनंदसाठी आणतो. आता यावर अजून संवाद कशाला लिहायचा?

मधली_सुट्टी:
ताई, हे वाचून सिनेमा परत बघावासा वाटला. पण कुठे बघणार होतो तेव्हा? आमच्या गावातल्या थेटरात दिवसाला एकच खेळ, तोही दुपारी पावणेचारचा, कामाच्या दिवशी. सोमवारी तोही गेला. अकरा माणसं येतात म्हणून खेळ काढतात आणि खेळ नसतात म्हणून अकराच माणसं येतात.

पॉपकॉर्न_खारं:
माहेरवाशीण, जेवायला गेलेला कॅमेरा मागे घेतो. लांबी मात्र मागे घेणार नाही, वीस मिनिटं कमी चालला असता.

माहेरवाशीण_साताऱ्याची:
दहा मिनिटांवर तोड करते.

शेवटची_रांग:
घ्या, माझ्याच धाग्यावर माझ्या आवडत्या सिनेमाची कापाकापी! आई आता मागे बसून हे वाचतेय. तिचं मत लिहा म्हणते: दुसरा भाग तिला आवडला. ‘त्या मेल्यांना कुणीतरी मारायलाच हवं होतं,’ असं शब्दशः. परवा माझ्या शेजारी बसून ती हाच सिनेमा बघत होती का, असा प्रश्न पडलाय.

कुडाळकर:
आवशीक माझो नमस्कार सांग. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तिला घेऊन ये, तारीख मी कळवतो. राक्षसाचं काम चांगलं करणारी पार्टी कोणती ते विचारून ठेवतो, म्हणजे तुझी वादाची हौस फिटेल. नाटक उभं राहायला मध्यरात्र होते. सतरंजी आणि स्वेटर तुझा तू आण.